‘मनाचें खूळ’ आणि तर्काचें दारिद्र्य

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या शहरांतील एका व्याख्यानमालेंत ‘सर्व रोगांचें मूळ मनांत’ या विषयावर एका लोकप्रिय वक्त्यांचें भाषण झालें. सभागृह भरगच्च होतें. वक्त्यांची वाणी गोड, दाखले चटकदार आणि आत्मविश्वास तर असा, कीं ऐकणारास शंका घेण्याची लाज वाटावी. सांधेदुखी म्हणजे गिळलेला राग, त्वचेचे विकार म्हणजे दडपलेला संकोच, थकवा म्हणजे जगण्याची अनिच्छा, आणि तरुण मुलींना होणारे भास व येणारे झटके म्हणजे तर निव्वळ ‘मनाचें खूळ’ ! विचार पालटा म्हणजे व्याधि पळेल, असा त्यांनीं उपसंहार केला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणारांत पदवीधर होते, वकील होते, आमचे कांहीं सहाध्यापकही होते. आम्हीं मात्र टाळी वाजविली नाहीं. कारण आमच्या पुढच्या रांगेंत आमची एक जुनी विद्यार्थिनी बसली होती, आणि ती व्याख्यान संपण्यापूर्वींच उठून निघून गेली. ती कां उठली हें त्या सभागृहांत बहुधा एकट्या आम्हांलाच ठाऊक होतें. ज्या मतानें तिच्या आयुष्याचीं दोन वर्षें खाल्लीं, तेंच मत तिच्यासमोर वेदवाक्याच्या थाटांत सांगितलें जात होतें.

आम्ही वैद्य नाहीं. गेलीं अठ्ठावीस वर्षें कॉलेजांत तर्कशास्त्र शिकविणें एवढाच आमचा धंदा आहे. परंतु रोगाचें निदान हें अखेर एक अनुमानच होय. आणि अनुमान जेथें चुकतें तेथें बोलण्याचा अधिकार तर्काच्या अभ्यासकास आहे, असें आम्ही समजतों. ज्या रोगाच्या निमित्तानें आम्ही लिहीत आहों त्याचें नांव ल्यूपस. या रोगांत मनाचीं व मज्जासंस्थेचीं लक्षणें कशीं ओळखावीं हा प्रश्न तज्ज्ञांसही घाम फोडणारा आहे. असें असतां आमच्या घरांतील वडीलधारीं मंडळी आणि व्यासपीठांवरील वक्ते तो एका वाक्यांत सोडवून मोकळे होतात, हीच आमची तक्रार आहे.

प्रथम रोगाविषयीं थोडेंसें. लॅटिन भाषेंत ‘ल्यूपस’ म्हणजे लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडग्याने चावा घेतल्यासारखे दिसतात, म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. काझनाव्ह या फ्रेंच वैद्यानें १८५१ च्या सुमारास त्याच्या तांबड्या चट्ट्यांच्या प्रकाराला आजचें नांव दिलें. पुढें १८७२ सालीं व्हिएन्ना येथील कापोसी यानें हा रोग केवळ कातडीचा नसून ताप, सांधे व आंतील इंद्रियें यांपर्यंत पोंचतो हें दाखविलें. आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ऑस्लर यानें अशा रुग्णांच्या वर्णनांत मेंदूच्या विकारांचीही नोंद केली. १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें हारग्रेव्हज् व त्याचे सहकारी यांना या रोगाची विशिष्ट पेशी सांपडली, आणि शरीराचें रक्षण करणारी यंत्रणाच येथें शरीरावर उलटते, हें त्यानंतरच्या दशकांत स्पष्ट होत गेलें. घराचा राखणदारच रात्रीं घरच्या माणसांवर काठी चालवूं लागला, तर जी गत होईल तीच येथें शरीराची होते. सांधे, कातडी, मूत्रपिंडें, फुप्फुसांचें आवरण, रक्त, यांपैकीं कोणावरही ही काठी पडूं शकते. आणि मेंदूही त्याच घरांत राहतो, हें विसरून चालत नाहीं.

रुग्णांत दहांपैकीं सुमारें नऊ स्त्रिया असतात, आणि त्याही बहुधा ऐन तारुण्यांतील. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील विवेचनांत तिचें महत्त्व आहे.

मेंदूवर हा घाला कसा पडतो याचे दोन मुख्य मार्ग आज मानले जातात. पहिला रक्तवाहिन्यांचा. कांहीं रुग्णांच्या रक्तांत गुठळ्या होण्यास साहाय्य करणारीं प्रतिद्रव्यें असतात. १९८३ सालीं लंडन येथील डॉ. ग्रॅहॅम ह्यूज यांनीं त्यांचा आणि अर्धांगवायु, वारंवार होणारे गर्भपात वगैरे गोष्टींचा संबंध स्पष्टपणें मांडला. दुसरा मार्ग दाहाचा. रक्त आणि मेंदू यांच्यामध्यें निसर्गानें एक चाळणी बसविलेली आहे. ती ढिली झाली म्हणजे जीं प्रतिद्रव्यें बाहेर रहावयाचीं तीं आंत शिरतात. २००१ सालीं न्यू यॉर्क येथील संशोधकांनीं दाखविलें, कीं ल्यूपसमध्यें आढळणारीं कांहीं प्रतिद्रव्यें मेंदूंतील पेशींवरच्या एका ग्राहक प्रथिनासही चिकटतात. स्मृति, भय, निद्रा, विवेक हीं सारीं ज्या पेशींच्या आधारानें चालतात, त्या पेशींसच अशी जळू लागली तर त्या माणसानें ‘चांगले विचार’ कोणत्या अवयवानें करावयाचे, हें वक्तेमहाशयांनीं सांगावें.

१९९९ सालीं अमेरिकेंतील संधिवाततज्ज्ञांच्या मंडळानें ल्यूपसमधील अशा विकारांची यादी केली. तींत एकोणीस प्रकार आहेत. बारा मेंदू व मज्जारज्जूचे आणि सात बाहेरील मज्जातंतूंचे. डोकेदुखी, झटके, अर्धांगवायु, स्मृतीचा व एकाग्रतेचा ऱ्हास, चिंता, औदासीन्य, भ्रम, आणि शुद्धीचा गोंधळ हीं सारीं तींत आहेत. यादी वाचतांच चतुर वाचकाच्या लक्षांत येईल, कीं यांतील पुष्कळ लक्षणें ल्यूपस नसलेल्या माणसालाही होतात. अडचणीचें मूळ तेथेंच आहे.

आतां त्या मुलीची हकीकत. तिचें नांवगांव आम्ही सांगणार नाहीं. ती दुसऱ्या वर्षाच्या वर्गांत आली तेव्हां पहिल्या बांकावर बसून शंका विचारणारी, हुशार मुलगी होती. दिवाळीनंतर ती मागच्या बांकावर जाऊं लागली. सकाळीं बोटें वळत नाहींत, लेखणी धरवत नाहीं, केंस ओंजळीनें गळतात, उन्हांत गेलें कीं गाल भाजल्यासारखे लाल होतात, अशा तक्रारी ती घरीं करी. घरच्यांना वाटे, हीं अभ्यास टाळण्याचीं निमित्तें. मग तिला भयंकर स्वप्नें पडूं लागलीं. पुढें पुस्तकांतील ओळ वाचून संपेपर्यंत आरंभ विसरूं लागली. आणि शेवटीं वर्गांतल्या मुली आपल्या नांवानें कुजबुजतात, आई जेवणांत कांहीं मिसळते, असें ती म्हणूं लागली. तिचे वडील एके संध्याकाळीं आमच्या घरीं आले व विचारूं लागले, “सर, काय करावें ?” आम्हीं त्यांना चहा दिला आणि मोठ्या शहाणपणानें सांगितलें, कीं हा परीक्षेचा ताण आहे, महिनाभर पुस्तकें दूर ठेवा. हें आम्ही मुद्दाम लिहून ठेवीत आहों; कारण ज्यांना या लेखांत दोष द्यावयाचा आहे त्यांत आमचेंही नांव असलें पाहिजे.

पुढें एका आत्यानें अंगारा आणला, एका मामानें ‘लग्न करून टाका, सारें ताळ्यावर येईल’ असा सल्ला दिला, आणि अखेर तिला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेण्यांत आलें. त्यांनीं भ्रमावर औषध दिलें व तें कांहीं अंशीं लागूही पडलें. परंतु तिच्या सांध्यांविषयीं, केंसांविषयीं, तोंडांतल्या फोडांविषयीं कोणीं विचारलें नाहीं. आणि तिनें आपण होऊन सांगितलें तेव्हां तेंही आजारांतलेंच बोलणें ठरलें. असे नऊ महिने गेले. मग पाय सुजले, चेहरा सुजला, लघवींतून प्रथिनें जाऊं लागलीं. एका परगांवच्या तरुण डॉक्टरांनीं सारी कथा पहिल्यापासून ऐकून घेतली, रक्ताच्या तपासण्या केल्या आणि सांगितलें, कीं हा ल्यूपस आहे. मूत्रपिंडें व मेंदू या दोहोंनाही त्याची झळ लागली आहे. उपचार सुरू झाले, आणि कांहीं आठवड्यांनीं ती मुलगी आईच्या हातचें जेवूं लागली.

पूर्वपक्षाचा तर्क आपण आतां तपासूं. तो असा : ‘मनाचीं लक्षणें आहेत, म्हणून कारणही मनांतच असलें पाहिजे.’ ही विचारसरणी एखाद्या विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत लिहिली तर आम्ही त्यास शून्य गुण देऊं. छपरांतून पाणी गळतें म्हणून छपरांतच झरा आहे असें कोणी म्हणत नाहीं. लक्षण दिसण्याचें स्थान आणि कारण असण्याचें स्थान एकच असावें, असा नियम निसर्गानें कोठेंही केलेला नाहीं. परंतु मनाच्या बाबतींत आपण हा नियम निमूटपणें गृहीत धरतों. आणि रुग्ण स्त्री असली म्हणजे तर तो अधिकच पक्का होतो. ‘हिस्टेरिया’ हा शब्दच मुळीं गर्भाशयवाचक ग्रीक शब्दापासून आला आहे. स्त्रीचें दुखणें तिच्या स्त्रीपणांतून निघतें, ही समजूत या एका शब्दाच्या पोटांत दोन हजारांहून अधिक वर्षें नांदत आहे. ज्या रोगाच्या रुग्णांत दहांपैकीं नऊ स्त्रिया, त्या रोगाचें निदान या समजुतीखालीं किती वेळां गुदमरलें असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

हा प्रमाद किती दूरवर जाऊं शकतो याचें एक उदाहरण २०२३ सालीं ‘वॉशिंग्टन पोस्ट’ पत्रानें प्रसिद्ध केलें. अमेरिकेंतील एक हुशार विद्यार्थिनी १९९५ सालीं, एकविसाव्या वर्षीं, एकाएकीं भ्रमिष्ट झाली. तिला स्किझोफ्रेनिया झाला असें ठरून ती न्यू यॉर्क राज्यांतील मनोरुग्णालयांत दाखल झाली. वर्षामागून वर्षें ती तेथें शून्यांत पाहत, बोटांनीं हवेंत कांहींतरी लिहीत बसे. आप्तांस ओळखीत नसे. डॉ. सँडर मार्क्स यांनीं तिला विद्यार्थिदशेंत पाहिलें होतें. दोन दशकांनंतर ती त्याच अवस्थेंत आहे हें कळतांच त्यांनीं तिची नव्यानें तपासणी करविली. ल्यूपसचीं प्रतिद्रव्यें रक्तांत विपुल होतीं आणि घाला मुख्यतः मेंदूवरच होता. स्टेरॉइड व सायक्लोफॉस्फामाइड यांचे उपचार महिन्यामागून महिने चालले, आणि २०२० सालीं ती स्वतःच्या निर्णयानें बाहेर पडण्याइतकी सावध झाली. पंचवीस वर्षें ! ‘विचार पालटा’ म्हणणारांनीं ही संख्या एकदां शांतपणें उच्चारून पाहावी. अशी उदाहरणें विरळा असतात हें आम्ही जाणतों. परंतु विरळा गोष्ट घडतच नाहीं असें मानणें हा शहाणपणा नव्हे.

एवढें वाचून कांहीं वाचक उलट टोंकाला धांव घेतील : ‘तर मग ल्यूपसच्या रुग्णाचें प्रत्येक रडणें, प्रत्येक विसरणें ल्यूपसमुळेंच !’ त्यांनाही आमचा तितकाच विरोध आहे. आमच्या नैयायिकांनीं हा प्रश्न फार पूर्वीं विचारांत घेतला होता. जेथें धूर तेथें अग्नि हें खरें. पण जेथें अग्नि तेथें धूर हें खरें नव्हे, कारण धुरास ओलें सरपण ही उपाधि लागते. लोखंडाचा गोळा लालबुंद तापला तरी धूर निघत नाहीं. त्याचप्रमाणें ल्यूपस आहे एवढ्यावरून मनांतला प्रत्येक धूर त्याचाच, हें अनुमान सदोष होय. १८२७ नव्या रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणींत निम्म्याहून अधिक रुग्णांना पुढील कांहीं वर्षांत मनाचा वा मज्जासंस्थेचा कोणता ना कोणता त्रास झाला. परंतु अशा साऱ्या घटनांपैकीं सुमारें एकतृतीयांशच ल्यूपसच्या पदरीं टाकतां आल्या, आणि त्याही सैल कसोटी लावली तेव्हां. उरलेल्यांचीं कारणें निराळीं होतीं. जंतुसंसर्ग, मूत्रपिंडें थकल्यानें रक्तांत सांचलेलें विष, वाढलेला रक्तदाब, औषधें, आणि साधें मानवी दुःख, यांपैकीं कोणतेंही कारण तेथें असूं शकतें.

औषधांचें तर विशेष सांगितलें पाहिजे. स्टेरॉइड हें या रोगांतील मोठें शस्त्र. १९४८ सालीं हेंच यांनीं तें प्रथम संधिवातांत वापरलें आणि १९५० सालीं त्याबद्दल नोबेल पारितोषिकांत त्यांना वाटा मिळाला. परंतु हेंच शस्त्र मनावर उलटूं शकतें. बोस्टन येथील १९७२ च्या प्रसिद्ध पाहणींत दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेड्निसोन घेणाऱ्या रुग्णांत शेंकडा १.३ जणांना मनोविकार झाला. ४१ ते ८० मिलिग्रॅम घेणारांत ४.६, आणि ८० हून अधिक घेणारांत १८.४ जणांना झाला. म्हणजे रुग्ण रात्रभर जागून बडबडूं लागला, तर रोग भडकला म्हणून औषध वाढवावें, कीं औषधच भोंवलें म्हणून उतरवावें ? दोन निदानांचे दोन उपाय परस्परविरुद्ध आहेत. चुकीचें अनुमान येथें नुसतें गुण घालवीत नाहीं, माणूस घालवतें.

आमच्या विद्यार्थिनीस या दुसऱ्या प्रमादाचाही अनुभव आला. रोगाचें नांव कळल्यावर घरच्यांस जणूं सर्व कुलपांची एकच किल्ली सांपडली. मैत्रिणी पुढल्या वर्गांत गेल्या म्हणून ती रडली, तर ‘रोग वर आला’. जमत आलेलें लग्न मोडलें म्हणून ती बोलेनाशी झाली, तरी ‘रोग वर आला’. तिच्या तक्रारीवरून औषधाची मात्रा वाढली, आणि मग तिची झोंप उडाली, बोलणें अनावर झालें, तें मात्रा हळूहळू उतरविल्यावर शमलें. पूर्वीं तिच्या शरीराच्या वेदना मनाच्या म्हणून फेटाळल्या गेल्या होत्या. आतां तिच्या मनाचें दुःख शरीराचें म्हणून फेटाळलें जात होतें. दोन्ही वेळां ती बोलत होती आणि दोन्ही वेळां तिचें ऐकणें हें मात्र कोणालाच आवश्यक वाटलें नाहीं.

कोणी विचारील, एवढा वाद कशाला ? एखादी निर्णायक तपासणी करावी म्हणजे झालें. तशी तपासणी असती तर हा लेख लिहावा लागला नसता. १९८७ सालीं रायबोसोमविरोधी एका प्रतिद्रव्याचा ल्यूपसमधील भ्रमाशीं संबंध दाखविण्यांत आला व मोठी आशा उत्पन्न झाली. पण २००६ सालीं अनेक ठिकाणच्या रुग्णांची माहिती एकत्र करून पाहतां, निदानास त्याचा उपयोग बेताचाच ठरला. एम्. आर्. आय्. चित्रांत पांढरे ठिपके दिसतात, पण ते इतर कारणांनींही दिसतात. उलट भ्रम झालेल्या कित्येक रुग्णांचें चित्र निर्दोष असतें. पाठीच्या कण्यांतील पाणी काढून तपासतात तें मुख्यतः जंतुसंसर्ग नाहीं ना हें पाहण्यासाठीं, आणि तें अत्यंत महत्त्वाचें आहे. कारण जंतूंनीं मेंदू ग्रासला असतां प्रतिकारशक्ति दाबणारें औषध देणें म्हणजे चोराच्या हातीं किल्ल्या देणें होय. संशोधनाकरितां रुग्णांचें वर्गीकरण करण्याचे जे नियम २०१९ सालीं ठरले त्यांतही झटक्यांना पांच, भ्रमाला तीन आणि शुद्धीच्या गोंधळाला दोन गुण आहेत, व एकूण दहा गुण लागतात. म्हणजे मनाच्या एकट्या लक्षणावर तेथेंही भागत नाहीं.

मग उरतें काय ? उरतो तो विवेक. चांगले चिकित्सक आज कांहीं ठराविक प्रश्न क्रमानें विचारतात. हें लक्षण केव्हां आलें, रोगाच्या आरंभाच्या सुमारास कीं पुष्कळ वर्षांनीं ? त्याच वेळीं सांधे, कातडी, मूत्रपिंडें, रक्त यांत रोग जागा आहे काय ? दुसरें पुरेसें कारण, म्हणजे जंतुसंसर्ग, औषध, क्षारांची घटबढ, पूर्वीचा मनोविकार वा घरांतला आघात, आहे काय ? आणि हें लक्षण निरोगी माणसांतही सरसहा आढळणारें आहे, कीं ल्यूपसकडे विशेष बोट दाखविणारें ? साधी डोकेदुखी व सौम्य उदासी हीं न्यायशास्त्राच्या भाषेंत अनैकांतिक हेतु होत. साध्य असतांही असतात, नसतांही असतात. झटका, अर्धांगवायु वा अकस्मात् आलेला भ्रम यांचें वजन निराळें. या प्रश्नांत कोठेंही जादू नाहीं. परंतु ते विचारावयास वेळ लागतो, आणि उत्तर देणाऱ्या माणसावर थोडा विश्वास असावा लागतो.

या विश्वासाविषयीं इंग्लंडमधील संशोधकांनीं २०२४ सालीं एक उद्बोधक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत ल्यूपसच्या ६७६ रुग्णांना आणि ४०० चिकित्सकांना प्रश्न विचारले होते. भयाण स्वप्नें व जागेपणींचे भास हे कित्येकांत रोग भडकण्याचे पूर्वसूचक असतात, असें त्यांत दिसून आलें. आणि हे अनुभव डॉक्टरांना सांगण्यास रुग्ण कचरतात, हेंही दिसून आलें. कां कचरतात ? आपल्याला वेडी म्हणतील म्हणून ! आमच्या विद्यार्थिनीस तीं स्वप्नें भास होण्यापूर्वीं दोन महिने पडत होतीं. तिनें तीं आईला सांगितलीं. आईनें उशाखालीं कात्री ठेवली.

आतां कांहीं आक्षेप. पहिला : ‘मग प्रत्येक वेड्या माणसाची ल्यूपससाठीं तपासणी करावयाची काय ?’ नाहीं. हा रोग विरळ आहे. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागांतील १९९३ च्या पाहणींत तो लाखांत सुमारें तीन जणांना आढळला. परंतु एकाएकीं भ्रम झालेल्या तरुण रुग्णास सांधे सुजतात काय, केंस गळतात काय, उन्हाचा त्रास होतो काय, तोंडांत फोड येतात काय, लघवींत फेंस येतो काय, हें विचारण्यास पैसा लागत नाहीं. उत्तर होकारार्थी आलें तरच पुढील तपासणी. ही अतिशयोक्ति नसून किमान सावधगिरी होय.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ‘तुम्ही मनोविकार व मनोवैद्य यांची अवहेलना करतां’, असें कोणी म्हणेल. आमचा हेतु नेमका उलट आहे. निदान कळलें त्या दिवशीं मुलीचे वडील आम्हांला आनंदानें म्हणाले, “सर, सुटलों ! तिला वेड नाहीं, रोग आहे.” त्यांचा आनंद आम्ही समजूं शकतों, पण त्या वाक्यांत आमच्या सबंध समाजाचा दोष सांठविलेला आहे. वेड हा जणूं रोगच नव्हे, तो कुळाला लागलेला डाग ! म्हणूनच आपण तो दाराआड लपवितों, उशीर करतों, अंगारे लावतों. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला मूत्रपिंडाच्या रुग्णाइतकीच सहानुभूति मिळाली असती, तर ल्यूपसच्या रुग्णांनाही आपले भास लपवावे लागले नसते. भ्रमावरील औषध, समुपदेशन, झोंपेची काळजी यांची ल्यूपसमध्येंही गरज लागते. मनोवैद्य आणि संधिवाततज्ज्ञ यांनीं एकमेकांशीं बोलणें, एवढेंच तर आमचें मागणें आहे.

तिसरा आक्षेप आमच्याच स्नेह्यांचा : ‘मनाचा शरीरावर परिणाम होतो हें तुम्ही नाकारतां काय ?’ मुळींच नाहीं. चिंतेनें झोंप जाते, आणि झोंप गेल्यावर कोणताही रोग जड जातो. पण परिणाम होतो म्हणजे तेंच मूळ कारण, असें ठरत नाहीं. आणि धीर देणें निराळें, दोष देणें निराळें. ‘तुझ्या विचारांमुळें तुला हें झालें’ असें आजारी मुलीस सांगणारा तिला औषध देत नाहीं. तिच्या डोक्यावर गुन्हा ठेवतो.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांस आमचें सांगणें थोडक्यांत आहे. रुग्णाच्या तक्रारी तारीखवार वहींत लिहून ठेवा. शरीराच्या व मनाच्या निराळ्या करूं नका, निवड डॉक्टरांना करूं द्या. कोणतें औषध केव्हां वाढलें, केव्हां उतरलें, हेंही त्याच वहींत असूं द्या. स्टेरॉइडची कितीही भीति वाटली तरी तें एकाएकीं स्वतःच्या मतानें बंद करूं नका. तें जिवावर बेतूं शकतें. झटका आला, एकाएकीं शुद्ध गेली, बोलणें तुटलें वा एक बाजू लुळी पडली, तर मुहूर्त न पाहतां रुग्णालय गांठा. लग्न हें औषध नव्हे, हें तर या काळांत सांगावें लागूं नये, पण लागतें.

ती मुलगी आतां बरी आहे. पण पूर्वींसारखी नाहीं. पाठांतर पूर्वीं एका वाचनांत होई, आतां तीन लागतात. औषधें चालूच आहेत. व्याख्यानानंतर दोन दिवसांनीं ती आमच्याकडे आली होती. तिला रागवण्याचा अधिकार होता, पण ती रागावली नव्हती. म्हणाली, “सर, आई विष घालते हें माझें म्हणणें खोटें होतें, तें मला आतां कळतें. पण माझीं बोटें दुखतात हें म्हणणें तर खरें होतें ना ? एका खोट्या वाक्यापायीं तुम्हीं सर्वांनीं माझीं सारीं खरीं वाक्यें रद्द केलींत.”

अठ्ठावीस वर्षें तर्कशास्त्र शिकविणाऱ्या आम्हांला या वाक्यास उत्तर सुचलें नाहीं. पुढील वर्षींच्या व्याख्यानमालेचे चालक आमचे स्नेही आहेत. त्यांना आम्हीं कळविलें आहे, कीं त्याच वक्त्यांस पुन्हां बोलवावयाचें असेल तर खुशाल बोलवा. मात्र भाषणानंतर श्रोत्यांच्या प्रश्नांसाठीं अर्धा तास राखून ठेवा. त्या दिवशीं आम्ही पहिल्या रांगेंत बसूं, आणि ती कबूल झाली तर तीही आमच्या शेजारीं बसेल.